सभासद कोणाला म्हणावे?

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले लेखन.)



गेल्या महिन्यात आपल्या कार्यकारिणीने मला सांगितले की, तुम्ही पुष्कळ वर्षे रोटरीत होता, तेव्हा सेवाभावी क्लबाचे सभासद असणे म्हणजे काय यावर दोन शब्द बोला. मी होकार दिला आणि मग अडचणीत पडलो. क्लबाची माहिती सांगायची तर ती दहा मिनिटांत संपते. आठवड्याला एक बैठक, बैठकीत जेवण, जेवणानंतर भाषण, भाषणानंतर आभार, आणि वर्षाकाठी वर्गणी. हे ऐकण्यासाठी आपण एवढ्या उन्हातून यावे, हे बरे नव्हे. परंतु 'सभासद' हा शब्द मात्र मला सोडीना. तो शब्द दिसतो तितका सोपा नाही, आणि आपल्या समाजाला तर तो कधीच सोपा गेलेला नाही. म्हणून आज मी क्लबाचा प्रचार करणार नाही. इतिहासच सांगणार आहे. कोणाला आत घेतले, कोणाला दाराबाहेर ठेवले, आणि आत बसलेल्या एखाद्याला बाहेर काढा असे कोणी दरडावून सांगितले तेव्हा शेजारच्या खुर्चीवरील माणसाने काय केले, एवढ्याच गोष्टींचा तो इतिहास आहे.

आरंभ आपल्या घरापासून करतो. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली हे नाव दिले. त्या काळी जमातीचे सभासदत्व मागून मिळत नसे आणि सोडूनही जात नसे. ते जन्माबरोबर येई. पुढे मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधले, तेव्हा जमातीला एक छप्पर मिळाले आणि छपराबरोबर हिशेबाची वही आली. मुकादम, चौगुला, गबाई, हज्जान, शामाश ही सारी पदे आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात रोजची होती. नेदर बोलायचा आणि तो फेडायचा; कोणी रीत मोडली तर पंचांसमोर उभे राहायचे आणि दंड भरायचा. मी प्रथम रोटरीच्या बैठकीस गेलो तेव्हा उशिरा येणाऱ्यास हसत हसत दंड करणारा एक पदाधिकारी पाहिला आणि मनात म्हटले, हा तर आपला चौगुलाच! फरक इतकाच की त्याच्या गळ्यात टाय होता.

नंतरच्या शंभर वर्षांत आपल्या लोकांनी आपल्यापुरत्या अनेक संस्था उभारल्या. हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा सुरू झाली. तीच पुढे सर एली कदुरी शाळा म्हणून नावारूपास आली. १९१३ साली बेने इस्राएल स्त्री मंडळ निघाले. १९१७ साली बेने इस्राएल परिषद भरली, आणि लगेच १९१८ साली अखिल भारतीय इस्राएली लीग ही दुसरी संस्था उभी राहिली. एवढासा आपला समाज, आणि त्यास अखिल भारतीय संस्था दोन! आपली ही खोड जुनीच आहे. ती आजच्या कार्यकारिणीच्या माथी मारण्याचे कारण नाही.

या सर्व संस्था चांगल्या होत्या. काही आजही आहेत. परंतु त्या आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी चालवलेल्या होत्या. सेवा क्लबाची कल्पना निराळी. तिथे शेजारी बसणारा माणूस आपल्या धर्माचा नसतो, नात्याचा नसतो, आणि ज्याच्यासाठी काम करायचे तोही आपला कोणी लागत नाही.

रोटरीचा जन्म २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात झाला. पॉल हॅरिस नावाचा एक वकील शहरात एकटा पडला होता. खेड्यात वाढलेला माणूस. शहरात अशील पुष्कळ, मित्र कोणी नाही. त्याने तिघांना गोळा केले. गुस्ताव लोअर हा खाण अभियंता, सिल्वेस्टर शील हा कोळशाचा व्यापारी आणि हायरम शोरी हा शिंपीकामाचा व्यावसायिक. लोअरच्या कचेरीत, युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत ते भेटले. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत भरायची, म्हणून नाव पडले रोटरी. आरंभी सेवा वगैरे काही नव्हती. एकमेकांना गिऱ्हाईक द्यावे आणि मैत्री ठेवावी, एवढाच हेतू. दोन वर्षांनी, १९०७ साली, या मंडळींनी शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत म्हणून खटपट आरंभली. जगभर पसरलेल्या सेवाकार्याचा श्रीगणेशा संडासापासून झाला, हे मला फार आवडते. उदात्त भाषणे मागाहून आली.

त्यांचा एक नियम आजच्या विषयाला महत्त्वाचा आहे. एका धंद्याचा एकच सभासद. वकील एक, डॉक्टर एक, कोळसेवाला एक. याला ते वर्गीकरण म्हणत. हेतू असा की एकाच धंद्याच्या लोकांचे कोंडाळे होऊ नये. कोकणात त्या काळी असा क्लब निघाला असता तर तेल्याची जागा एकच असती, आणि ती कोणाला मिळावी यावरून आपण दोन क्लब काढले असते. पण विनोद बाजूला ठेवला तर या नियमात एक मोठी गोष्ट दडलेली होती. सभासदाच्या अर्जावर धंद्याचा रकाना होता, धर्माचा नव्हता. व्यवहारात सर्व काही निर्मळ होते असे मी म्हणत नाही. अमेरिकेतील क्लबांत कृष्णवर्णीय सभासद दीर्घकाळ दिसत नसत. तरी कागदावर तरी दार उघडे होते.

त्याचे मोल कळण्यासाठी मुंबई आठवावी. इंग्रजी अमदानीत अपोलो बंदरावरील यॉट क्लबात हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. लॉर्ड विलिंग्डन गव्हर्नर असताना, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, युरोपियन आणि हिंदी दोघांनाही प्रवेश देणारा निराळा क्लब काढावा लागला तो यामुळेच. हिंदुस्थानातील पहिला रोटरी क्लब १९२० सालच्या आरंभी कलकत्त्यास रीतसर स्थापन झाला आणि मुंबईचा १९२९ साली. त्याच १९२९ साली येरुशलायेमचा क्लबही निघाला. ब्रिटिश अधिकारी, अरब आणि यहुदी अशी मंडळी त्यात एका मेजावर बसत. हे त्या वर्षी, ज्या वर्षीच्या ऑगस्टात या भूमीवर काय रक्तपात झाला ते मी आपणांस सांगण्याची गरज नाही. मेज होते म्हणून रक्तपात थांबला नाही. पण रक्तपात झाला म्हणून कोणी मेज मोडले नाही, हेही खरे.

आता मी जर्मनीकडे वळतो. तिथे जायला मन घेत नाही, पण गेल्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

जर्मनीतला पहिला रोटरी क्लब १९२७ साली हँबुर्गला निघाला. प्राध्यापक, उद्योगपती, न्यायाधीश, लेखक, असे शहरातील नामवंत लोक सभासद. त्यांत यहुदीही पुष्कळ होते, कारण वर्गीकरणाच्या नियमाने पाहिले तर शहरातील उत्तम डॉक्टर किंवा बँकर अनेकदा यहुदीच असे. १९३३ सालच्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. त्यानंतर काही आठवड्यांतच क्लबांतून यहुदी सभासद नाहीसे होऊ लागले. आपण पाहतो त्या चित्रपटांत अशा वेळी गणवेषातला शिपाई दारावर लाथ मारतो. इथे तसे झाले नाही. मित्र मित्राकडे गेला आणि म्हणाला, क्लबाच्या हितासाठी तुम्हीच राजीनामा दिलात तर बरे. ज्याने दिला नाही त्याचे नाव यादीतून वगळले. म्युनिकच्या क्लबाने एप्रिल १९३३ मध्ये थोमास मान या लेखकाचे सभासदत्व काढून घेतले. चार वर्षांपूर्वी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते, तेव्हा ते क्लबाचे भूषण होते. ते स्वतः यहुदी नव्हते. त्यांची पत्नी यहुदी कुळातील होती, आणि नाझींविरुद्ध ते उघड बोलले होते. ते स्वित्झर्लंडमध्ये असताना त्यांना हे कळले.

या क्लबांना वाटत होते की थोडे दिले म्हणजे बाकीचे वाचेल. अमेरिकेतील मध्यवर्ती कार्यालयानेही त्यांना दूर केले नाही. आज आपण बिनधोक या खुर्च्यांवर बसून त्यांना नावे ठेवू शकतो. मीही ठेवतो. पण मला त्या क्लबांतील सर्वांत साधा सभासद दिसतो. दंतवैद्य असेल, औषधविक्रेता असेल. मंगळवारी दुपारी तो जेवायला येतो, शेजारची खुर्ची रिकामी आहे, तिथे सहा वर्षे बसणारा माणूस आज नाही. तो सूप पितो. कोणी विचारीत नाही, तोही विचारीत नाही.

वाचले काय? काहीच नाही. नाझी पक्षाने आपल्या सभासदांना रोटरी सोडण्याचा हुकूम काढला आणि १९३७ सालच्या ऑक्टोबरात जर्मन क्लबांनी स्वतःच आपले विसर्जन केले.

याच संदर्भात आणखी एक संस्था आठवते. १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये बारा जर्मन यहुद्यांनी ब्नेई ब्रिथ नावाची मंडळी स्थापन केली. ब्नेई ब्रिथ म्हणजे कराराची मुले. नावाची घडण आपल्या बेने इस्राएलसारखीच. त्यांचे पहिले काम काय असेल? सभासद वारला तर त्याच्या विधवेला अंत्यविधीसाठी तीस डॉलर आणि पुढे जन्मभर आठवड्याला एक डॉलर. पुढे अनाथालये, इस्पितळे, ग्रंथालये झाली. ही मंडळी १८८२ साली जर्मनीत पोहोचली, आणि पोहोचण्याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे: तेथील इतर बंधुसंघांत यहुद्यांना नकोसे केले जाऊ लागले होते, म्हणून त्यांनी आपला संघ काढला. सिग्मंड फ्रॉइड १८९७ साली व्हिएन्नाच्या शाखेत दाखल झाला, तेव्हा त्याच्याही मागे असेच एकटेपण होते. जर्मनीतील ब्नेई ब्रिथच्या शाखा नाझींनी बंद केल्या त्या १९३७ सालच्या एप्रिलात. म्हणजे ज्यांना काढले त्यांची संस्था एप्रिलात गेली, आणि ज्यांनी काढले त्यांची ऑक्टोबरात. मध्ये सहा महिन्यांचे अंतर.

आणि त्याच १९३७ साली मुंबई महानगरपालिकेने डॉ. एलिजा मोझेस या बेने इस्राएल गृहस्थांना महापौर निवडले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग आपल्यापैकी कितीजणांनी बसच्या खिडकीतून पाहिला असेल! केहीमकरांनी १८९७ साली लिहून ठेवलेला आपल्या समाजाचा इतिहास तेल अवीवमध्ये छापला गेला, तोही १९३७ सालीच. या तीन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. मी त्या एका ओळीत मांडतो ते इतक्याचसाठी की आपण ज्या देशात वाढलो तेथे ही भीती आपल्याला ठाऊक नव्हती. सभासद असणे म्हणजे काय, हे आपल्याला तेव्हा शिकावेच लागले नाही. ते आपण इथे येऊन शिकलो.

वडीलधाऱ्या मंडळींना १९६२ ते १९६४ ही वर्षे आठवत असतील. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. आपण इथे आलो ते घरी आलो या भावनेने. मग मुख्य रब्बींच्या कार्यालयाकडून नियम निघाला की बेने इस्राएल वधूवरांच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. शेमा म्हणत दोन हजार वर्षे काढलेल्या लोकांना दाखला मागितला! निदर्शने झाली, बायकामुले येरुशलायेममध्ये रस्त्यावर बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटमध्ये आपल्या बाजूने ठराव झाला आणि महिनाअखेर तो नियम बदलला. जर्मनीशी त्याची तुलना मी करीत नाही. कोणी करू नये. एकच सांगतो. त्या वेळी आपल्याबरोबर बसायला आलेले, आपल्या वतीने लिहिणारे काही लोक आपले नव्हते. त्यांना आपली भाषा येत नव्हती, त्यांनी मलिदा कधी पाहिला नव्हता. तरी ते आले. शेजारची खुर्ची रिकामी होऊ लागली आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

आता स्त्रियांकडे येतो, आणि इथे मला माझाही हिशेब द्यायचा आहे.

आपले स्त्री मंडळ १९१३ सालचे. त्याच्या कार्यात डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव अग्रभागी होते. सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेल्या, मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुखपदी १९२८ पासून जवळजवळ दोन दशके राहिलेल्या, आणि १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या या बाई. असा सभासद कोणत्या क्लबाला नको असेल? परंतु रोटरीच्या घटनेत सभासद हा पुरुषच, असे लिहिलेले होते. त्यांची सारी हयात तो नियम तसाच राहिला. सभासदांच्या पत्नींनी १९२४ साली मँचेस्टरला इनर व्हील नावाचा आपला निराळा क्लब काढला. काम तेच, मेज वेगळे.

१९७७ साली कॅलिफोर्नियातील दुआर्ते नावाच्या एका छोट्या गावच्या क्लबाने तीन स्त्रियांना सभासद करून घेतले. क्लबाला माणसे कमी पडत होती, हेही त्यामागे होते. पुढल्या वर्षी मध्यवर्ती संस्थेने त्या क्लबाची सनदच रद्द केली. क्लब डगमगला नाही. त्यांनी स्वतःस 'माजी रोटरी क्लब' म्हणवून घेतले, काम चालू ठेवले आणि न्यायालयात गेले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ४ मे १९८७ रोजी निकाल लागला: स्त्री आहे म्हणून सभासदत्व नाकारता येणार नाही. १९८९ साली रोटरीने जगभरासाठी आपली घटना बदलली. २०२२ साली जेनिफर जोन्स या पहिल्या स्त्री जागतिक अध्यक्ष झाल्या. हॅरिसच्या पहिल्या बैठकीला तेव्हा एकशे सतरा वर्षे झाली होती.

आता माझे. मी मुंबईच्या एका उपनगरातील क्लबात होतो. क्लबाचे नाव सांगत नाही. दोष नावाचा नाही. १९९१ साली, म्हणजे घटना बदलल्यानंतर दोन वर्षांनी, एका बाईंचे नाव सुचविले गेले. शाळेच्या मुख्याध्यापिका, आपल्याच समाजातील. सुचविणारे गृहस्थ पारशी होते. माझा धर्मबंधुत्वाचा संबंध, तरी ते नाव मी सुचविले नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. समितीत चर्चा झाली. नियमाने त्यांना नाही म्हणता येत नव्हते. तेव्हा कोणीतरी म्हणाले, बायका असल्या की मंडळींना मोकळेपणा राहत नाही. दुसरे कोणीतरी म्हणाले, शिक्षण या वर्गीकरणात आपले प्राचार्य आहेतच. प्राचार्य निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती आणि बैठकीला क्वचितच येत. सर्वांनी माना डोलावल्या. मीही मान हलवली नाही असे मला आज म्हणता येत नाही. बाईंना सुबक टंकलिखित पत्र गेले की आपले वर्गीकरण सध्या भरलेले आहे.

ज्या नियमाने कोंडाळे मोडायचे, त्याच नियमाने आम्ही कोंडाळे राखले. बैठकीनंतर चहा आला. मी चहा प्यालो.

आता या क्लबांनी हातून काय घडविले, ते सांगतो. नाहीतर आपण म्हणाल की मी चाळीस वर्षे फक्त खुर्च्या मोजल्या. १९७९ साली रोटरीने फिलिपाइन्समधील साठ लाख मुलांना पोलिओची लस देण्याचे काम अंगावर घेतले. त्यातून धीर येऊन १९८५ साली जगातून पोलिओ घालविण्याची मोहीम जाहीर झाली. सभासदांनी बारा कोटी डॉलर जमवायचे ठरले होते. १९८८ पर्यंत चोवीस कोटी सत्तर लाख जमले. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने हे काम साऱ्या जगाचे म्हणून हाती घेतले. तेव्हा सव्वाशे देशांत पोलिओ होता आणि वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले लुळी होत. लस जी वापरली ती डॉ. आल्बर्ट सेबिन यांची तोंडाने देण्याची लस. सेबिन हे बियाविस्तोकच्या यहुदी घरातले; १९२१ साली मुलगा असताना कुटुंबाबरोबर अमेरिकेला गेले. त्यांनी लशीचे पेटंट घेतले नाही. पुढे १९७० ते १९७२ या काळात ते इथे रेहोवोतला वाइझमन संस्थेचे अध्यक्ष होते.

पैसा जमविणे सोपे. कठीण असते ते रविवारी सकाळी सात वाजता बूथवर हजर होणे. आमच्या क्लबाला जे बूथ नेमून दिले त्यांतले एक त्या बाईंच्या शाळेत होते. मी गेलो तेव्हा व्हरांड्यात टेबल मांडलेले, लशीची निळी पेटी सावलीत ठेवलेली, आणि बाई बाटली डोळ्यांजवळ धरून तिच्यावरचा छोटा चौकोन निरखत होत्या. तो चौकोन काळवंडला की लस उष्णतेने बिघडली असे समजायचे आणि ती बाटली बाजूला काढायची. आरोग्यसेविका थेंब पाजणार, कोणीतरी मुलाच्या डाव्या करंगळीला शाई लावणार, कोणीतरी तक्त्यावर रेघ ओढणार. माझ्या छातीवर क्लबाचा बिल्ला होता. काय करू, म्हणून मी विचारले. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, शाईचे काम तुम्ही घ्या. त्याला वर्गीकरण लागत नाही."

एवढेच. त्या रागाने बोलल्या नाहीत, हसूनही बोलल्या नाहीत. दुपारपर्यंत मी मुलांची बोटे धरीत होतो. झोपडपट्टीतून येणाऱ्या आया मला घाबरत आणि बाईंना ओळखत. ज्या घरातले मूल आले नाही ते घर कोणते, आणि का आले नाही, हे बाईंना तोंडपाठ होते. आमच्या क्लबातील कोणालाही ते ठाऊक नव्हते. संध्याकाळी त्या एका घरी स्वतः गेल्या. मी मागे पेटी घेऊन. पुढेही दोन-तीन वर्षे मी त्या बूथवर जात राहिलो. त्या पत्राचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. त्या आता नाहीत. आज हे ध्वनिमुद्रित होत आहे म्हणून सांगितले.

भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याजवळ सापडला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशियाचा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. तोवर मी इथे आलेलो होतो. आणि गंमत पाहा, भारतातून पोलिओ जात असताना तो इथे नेगेवमध्ये आला. २०१३ साली राहात या बेदुइन शहराच्या सांडपाण्यात विषाणू सापडला. कोणी मूल लुळे पडले नव्हते, कारण इथल्या मुलांना सुईची लस टोचलेली होती. पण सुईची लस ज्याला टोचली त्यालाच वाचवते. विषाणू त्याच्या आतड्यात राहून दुसऱ्याकडे जायचा तो जातोच. थेंबांची लस तो मार्ग बंद करते. म्हणून ऑगस्टमध्ये सरकारने मोहीम काढली. तिचे नाव होते श्तेई टिपोत, दोन थेंब. मी ते नाव वृत्तपत्रात वाचले आणि मला भारतातल्या भिंतींवरचे पोलिओचे फलक दिसू लागले.

तेव्हा देशात मोठा वाद झाला. आपले मूल तर सुरक्षित आहे, मग दुसऱ्याच्या मुलासाठी आपल्या मुलाच्या तोंडात थेंब का घालावे, असे आईबाप विचारीत होते. प्रश्न चुकीचा नव्हता. माझी मुलगी दक्षिणेत राहते. तिनेही मला फोनवर हेच विचारले. मी म्हटले, मी येतो.

टिपत हालावच्या दवाखान्यात रांग होती. आमच्यापुढे एक रशियन आजी नातीला घेऊन, मागे राहातकडची एक आई दोन मुलांना घेऊन. परिचारिकेने नातवाचे नाव विचारले, त्याने तोंड उघडले, दोन थेंब पडले. त्याने चेहरा वाकडा केला. मी त्याचा डावा हात हातात घेतला आणि करंगळी पुढे धरून उभा राहिलो. परिचारिका माझ्याकडे पाहत राहिली. मागचा माणूस पुढे सरकला. नातू म्हणाला, "आजोबा, सोडा ना, झालं."